पोच इली?

आबांनी आयुष्यातली पहिली ईमेल मला पाठवली आणि ती मिळाली की नाही ते बघायला पाठोपाठ स्वतः चालत आले. त्यांच्या घरापासून मसुऱ्याच्या बाजारातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत वीस मिनिटांची वाट आहे, त्यात एक घाटी.

"पावली?"

"काय?"

"मेल."

"अजून बघूक नाय, आबानू. गिऱ्हाईक आसा."

"मगे बघ. मी बसतंय."

बसले. छत्री दोन गुडघ्यांच्या मध्ये, नजर माझ्या पडद्यावर. समोरच्या बाईंच्या सातबाऱ्याच्या दोन प्रती काढून मी मेल उघडली. 'चि. यांस अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, हे पत्र पोचल्याची पोच द्यावी. कळावे.' पत्राला दुसरं काही कारण नव्हतं.

"पावली, आबानू."

"तोंडान नको. लिवन धाड."

आबा समोर बसलेले असताना मी आबांना लिहून कळवलं की आबा, तुमची मेल मिळाली. ते लगेच उठले, कारण पोच घरच्या कॉम्प्युटरवर येणार होती आणि ती घ्यायला घरी कोणी नव्हतं. अर्ध्या तासाने फोन आला. "इली. नोंद केलंय."

त्यांना गाव पोचआबा म्हणतो. मालवणी मुलखात टोपणनाव मिळायला फार काही करावं लागत नाही, पण आबांनी मेहनत घेतली होती. मुंबईत एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं ते आवक-जावकाच्या टेबलावर होते. ज्यांनी सरकारी कचेरी फक्त बाहेरच्या बाकावर बसून पाहिली आहे त्यांना ह्या टेबलाची थोरवी कळणार नाही. साहेब सही करतो, पण कागद अस्तित्वात आहे की नाही ते आवक-जावक ठरवतं. क्रमांक पडला की कागद जन्मला, न पडला तर तो घेऊन आलेला माणूस खोटं बोलतोय. चौतीस वर्षं हे करून माणूस घरी येतो तेव्हा पेन्शन मिळते, टेबल मिळत नाही. आबांनी टेबल पडवीत मांडलं.

त्यावर लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडकी वही असते. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. त्यात मेल येतात, लग्नपत्रिका येतात, आणि शेजारी पाठवलेला बरका फणससुद्धा येतो. 'जावक क्र. ११७, फणस एक, मध्यम. पोच: बाकी.' ही 'बाकी' शेजारच्या काकींना अजून सलते. त्या म्हणाल्या, "आबानू, फणस खावन चार दिवस पोटात दुखत होता, ह्येच्यापेक्षा मोठी पोच ती काय?" आबांनी तसं शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं, पण सही मागितलीच.

खरं तर ह्यात आबांचा एकट्याचा दोष नाही, भाषेचाही आहे. आपल्याकडे पत्र पावतं, पैसे पावतात, पैशांची पावती होते आणि देवी नवसाला पावते. मालवणीत तर माणूससुद्धा पावतो. कणकवलीला उतरलेला मुंबईकर घरी शिरण्याआधी फोनवर 'पावलंय' एवढंच सांगतो आणि बाकीचं घर रडायचं थांबतं. ज्या भाषेत पोचणं आणि प्रसन्न होणं एकाच शब्दात बसतं, तिथे एखाद्या माणसाने पोचपावतीला नैवेद्य दाखवला तर नवल करू नये.

आबा ईमेलकडे वळले ते २०२५ मध्ये. त्या वर्षी टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. तिथेही सही घेऊनच देतात, पत्र कुठवर गेलं ते मोबाईलवर दिसतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मयताच्या घरी समजूत काढणाऱ्याचं ऐकून घेतात तसं. "रजिस्टर एडी" हे शब्द ते एखाद्या वारलेल्या मित्राचं नाव घ्यावं तसे घेत. गुलाबी पोचकार्ड, त्यावर समोरच्याची सही, पोस्टाचा शिक्का. ते परत आलं की चहा. "तां स्पीड आसात गे बाय," पोस्टातल्या मुलीला ते म्हणाले, "पण माका खंय घाई आसा? माका पोच व्हयी."

मग पुण्याच्या झिलाने जुना कॉम्प्युटर पाठवला, मी थंडरबर्ड नावाचा फुकट मिळणारा मेलचा प्रोग्राम घालून दिला, आणि आबांची दुसरी नोकरी सुरू झाली.

पहिले पंधरा दिवस ते खूश नव्हते. मेल फार मोकळीढाकळी वाटली त्यांना. वर श्री नाही, जावक क्रमांक नाही, संदर्भ नाही, शिक्का नाही. "हेका म्हणतत पत्र? उघडो पोर आंगणात खेळता तसा दिसता." चिडून एक दिवस मी मेलचा मूळ मजकूर दाखवणारं बटण दाबून दिलं. प्रत्येक मेलच्या पोटात हे असतं, आपण कधी बघत नाही. झिलाची मेल दोन ओळींची होती: 'बाबा, पैसे पाठवलेत. तब्येत सांभाळा.' तिच्या डोक्यावर साठ-सत्तर ओळींचा मायना निघाला. कोणी धाडली, कोणाला, कुठल्या सर्व्हरने कुठल्या सर्व्हरकडून किती वाजून किती सेकंदांनी घेतली, पत्राचा जगात दुसऱ्या कोणाला नसलेला असा स्वतःचा क्रमांक, कुठल्या पत्राचं हे उत्तर त्याचा संदर्भ, उत्तर कुठे धाडावं तो पत्ता.

आबांनी चष्मा पुसला. परत घातला. माझ्या खुर्चीवर बसले, मला उभं केलं.

"म्हणजे आसा सगळा," ते हळूच म्हणाले. "लपयल्यानी."

त्या दिवशी त्यांनी चार पानांची प्रत काढून नेली आणि रात्रभर वाचली असावी. सकाळी येऊन मलाच शिकवू लागले. सर्व्हरांच्या 'मिळाले' अशा ज्या ओळी असतात त्या खालून वर वाचायच्या. कारण पत्र पुढच्या मुक्कामाला पोचलं की तिथला सर्व्हर आपला शिक्का आधीच्या शिक्क्याच्या डोक्यावर मारतो, सगळ्यात वर शेवटचा मुक्काम. मी दहा वर्षं हा धंदा करतो, मला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट खटकली होती. मसुऱ्यातून कणकवलीला धाडलेल्या मेलवर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ पडली होती.

"कणकवलीक जावचा पत्र थंय कित्याक गेला?"

"गेला नाय आबानू, फक्त घड्याळ थंयचा लावलेला आसा."

"कचेरी हय, घड्याळ थंय? मगे उशिरा येणाऱ्याचो पगार कसो कापतत?"

ह्या मायन्यातल्या एकेका ओळीला हेडर म्हणतात, आणि त्यात आपल्या पदरचं हेडर घालता येतं, हे त्यांना कळलं तेव्हा मी दुकान बंद करत होतो. पुन्हा उघडावं लागलं. १९८२ साली मेलचा मजकूर कसा असावा ह्याचे जे नियम ठरले, आरएफसी ८२२ नावाचे, त्यात ही मोकळीक आहे. कोणालाही स्वतःचं हेडर करता येईल. अधिकृत हेडरांशी गल्लत नको म्हणून खासगी नावाच्या आधी एक्स आणि आडवी रेघ लावायची, एक्स लावलेलं नाव आम्ही कधी अधिकृत म्हणून घेणार नाही, असा शब्द त्या नियमांनी दिला होता. पुढे झालं असं की ही एक्सवाली खासगी हेडरंच जगभर इतकी रुळली की ती बदलणं कोणाला परवडेना. शेवटी जून २०१२ मध्ये नवा नियम निघाला, इथून पुढे नव्या नावांना एक्स लावू नका.

मला वाटलं हे आबांना समजायला जड जाईल. आबा हसले. "म्हणजे हंगामी म्हणान लागलेलो शिपाय. तीस वर्षां झाली, सायबाचा पान हलना नाय तेच्याशिवाय, पण मस्टरात अजून हंगामीच. आमच्याकडे चार होते."

थंडरबर्डच्या सेटिंग्जच्या अगदी तळाशी एक एडिटर आहे. त्यात शिरताना प्रोग्राम धोक्याची सूचना देतो. त्यात आपल्या हेडराचं नाव लिहून ठेवलं की पत्र लिहिताना ते 'टू' आणि 'सीसी'च्या यादीत येऊन बसतं, समोर हवं ते लिहायचं. आबांचं पहिलं हेडर अर्थातच जावक क्रमांक. इथे पहिली अडचण आली. हेडराचं नाव देवनागरीत चालत नाही, रोमन अक्षरं, आकडे नाहीतर चिन्हं, मध्ये मोकळी जागा नको, विसर्गासारखे दिसणारे दोन टिंब तर बिलकूल नकोत, कारण नाव संपलं हे तिथेच ओळखतात. बरं, रोमनमध्ये जावक-क्रमांक.

दुसरं हेडर, श्री.

नाव रोमनमध्ये घातलं, समोर देवनागरीत 'श्री' लिहिलं आणि मेल धाडली. पोचल्यावर आबांनी मूळ मजकूर उघडला तर श्रीच्या जागी रोमन अक्षरांचा भुगा. जुन्या सर्व्हरांना रोमन सोडून काही कळत नसल्याने देवनागरीला अशा सांकेतिक वेषात पाठवायची रीत १९९० च्या दशकात पडली, ती चालू आहे. मी मोजून दाखवलं. आपलं श्री म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबात चार तुकडे, तुकड्याला तीन बाइट, ते बारा, त्यांची सोळा रोमन अक्षरं, पुढेमागे कुंपणाची बारा चिन्हं. एका श्रीची अठ्ठावीस.

"आणि ह्या मेल घेणाऱ्याक दिसता?"

"नाय आबानू. तुमच्यासारखो मूळ मजकूर उघडणारो असलो तर. नायतर कोणाकच दिसना नाय."

मला वाटलं, आता सोडतील. आबा घटकाभर गप्प राहिले. "देव खंय दिसता? असलो म्हणजे झाला." हेडर राहिलं. आबांच्या प्रत्येक मेलमध्ये आजही कोणाला न दिसणारं अठ्ठावीस चिन्हांचं श्री असतं.

शिक्क्याचंही मिटलं. पाठवणारा सर्व्हर मेलचा मजकूर आणि ठरावीक हेडरं ह्यांच्यावर मिळून एक आकडेमोडीची सही करतो. वाटेत कोणी अक्षर फिरवलं तर सही जुळत नाही. २००७ पासून ह्याचे नियम आहेत. आबांना शिवकाळातली पत्रं आठवली. मजकूर संपला की खाली मर्यादेचा शिक्का, त्याच्याखाली कोणी ओळ घुसडू नये म्हणून. "तेंच्याकडे मोर्तब होता, हेंच्याकडे आकडो," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. खाडीच्या आमच्या अंगाला भरतगड, पल्याड भगवंतगड. एक वाडीकर सावंतांचा, एक बावडेकर पंतांचा. एकमेकांवर नजर ठेवायला बांधलेले दोन किल्ले ज्या गावाने रोज बघितले, त्या गावात समोरच्याने आपलं पत्र वाचलं की नाही ह्याची रुखरुख अंमळ जास्त असणार, असं आपलं माझं मत.

आता मूळ दुखणं, पोच. ईमेलमध्ये ती दोन जातींची. एक सर्व्हर देतो, समोरच्याच्या पेटीत पत्र टाकलं अशी. तिचे नियम १९९६ चे. दुसरी समोरचा माणूस देतो, किंवा त्याच्या वतीने त्याचा प्रोग्राम, पत्र उघडलं अशी. तिचे १९९८ चे. पहिली म्हणजे पोस्टमनने पत्र पडवीत टाकलं. दुसरी म्हणजे कोणीतरी पाकीट फोडलं. दोन्ही मागायची सोय थंडरबर्डात आहे, आबांनी दोन्ही कायमच्या चालू करून ठेवल्या. पण मागणं वेगळं आणि मिळणं वेगळं. वाटेतल्या सर्व्हराने ती विनंती पाळायला हवी, आणि दुसऱ्या जातीत तर समोरच्या माणसाच्या पुढे एक चौकट येते, 'पाठवणाऱ्याने वाचल्याची पोच मागितली आहे, देऊ का?' तो नाही म्हणाला की संपलं. घरगुती जीमेलवर तर ही चौकट येतच नाही, ती सोय कचेऱ्यांच्या आणि शाळा-कॉलेजांच्या खात्यांना. शिवाय नियम करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की ही पोच म्हणजे पत्र पडद्यावर दिसलं एवढंच. वाचलं की नाही, कळलं की नाही, ह्याची हमी नाही.

"एडीवर तरी खंय होती?" आबा म्हणाले. "सही सुनेची, पत्र सासऱ्याक, वाचलेला कोणीच नाय. पण सही होती."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होतो. समोरच्याने पोच धाडली. ती पोच आपल्याला मिळाली हे त्याला कसं कळणार? तर पोचेची पोच धाडायची सोय कुठे आहे?

नाही. मुद्दाम नाही. पोचेला पोच देऊ नये असं नियमातच बजावलंय, आणि पोच ज्या लिफाफ्यातून येते त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोरा ठेवतात, उलट काही धाडताच येऊ नये म्हणून. नाहीतर दोन कॉम्प्युटर एकमेकांना 'मिळालं', 'मिळाल्याचं मिळालं' असं कल्पान्तापर्यंत कळवत बसतील.

मला वाटलं आबा नियम करणाऱ्यांना शिव्या देतील. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या कचेरीने एकदा शेजारच्या कचेरीला पोच धाडली होती. तिथल्या आवक-जावकाने तिची पोच धाडली. आबा हटले नाहीत. तोही हटला नाही. दोन्ही कचेऱ्या एकाच जिन्यावर, शिपाई एकच, तो दिवसाला दोन खेपा कागद वरखाली नेई. सात महिने चाललं. "मगे काय झाला?" मी विचारलं. "तो रिटायर झालो." थोडं थांबून म्हणाले, "शेवटची माजी होती. तेची पोच अजून येवची आसा."

असा हा पोचेचा भुकेला माणूस स्वतः कधीच पोच देत नाही. हे मला अपघाताने कळलं. दिव्याच्या बिलाची पावती मी त्यांना मेलने धाडली आणि गंमत म्हणून वाचल्याची पोच मागितली. आली नाही. दोन दिवसांनी विचारलं, आबानू, मेल बघितलीत?

"बघलंय मा. त्याच दिवशी."

"मगे ती चौकट इली नाय? पोच देव काय म्हणान?"

"इली. नाय म्हणान दाबलंय."

"नाय कित्याक?"

"मी कधी वाचलंय ता तुका कित्याक कळाक व्हया?"

मी बघतच राहिलो. मग व्हॉट्सअ‍ॅप पत्रं धाडायला वापरणं त्यांनी का सोडलं त्याचाही उलगडा झाला. तिथल्या निळ्या खुणा बंद करता येतात, पण आपल्या बंद केल्या की दुसऱ्यांच्याही दिसत नाहीत. द्या तर घ्या. आबांना हा व्यवहार मान्य नव्हता. ईमेलमध्ये स्वतः नाही दाबून दुसऱ्याकडे मागता येतं. आवक-जावकाच्या टेबलाचा हा जुना नियम आहे म्हणे: टेबल पोच घेतं, टेबलाकडे पोच मागायची नसते.

आणखी एक कारण होतं, झील. तो आबांच्या दोन पानी पत्राला अंगठा पाठवी, ते पिवळं चित्र. आबांनी मला फोन दाखवला तेव्हा खालपर्यंत अंगठेच अंगठे होते. "हेका म्हणतत शिकलेलो. इंजनेर. आमच्या कचेरीत सही येय नाय तो अंगठो देय."

साकवाचं प्रकरण मात्र आबांच्या अंगावर आलं. व्हाळावरच्या साकवाची फळी कुजली होती, त्याबद्दल त्यांनी एका कार्यालयाला मेल लिहिली. जावक क्रमांक २४१. पोच नाही. स्मरणपत्र क्रमांक एक. पोच नाही. मग कुठूनसं त्यांना कळलं की २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात पोच ह्या विषयाला एक अख्खं कलम दिलेलं आहे, बारावं. आबांनी कलमाचा मथळा वाचला आणि त्यांच्या अंगात वारं आलं. इतक्या कोटींच्या देशात कोणीतरी त्यांच्यासारखा विचार केला होता! पुढचं वाचायला ते थांबले नाहीत. साकवाची मेल त्यांनी तिसऱ्यांदा धाडली आणि शेवटी ठळक अक्षरांत घातलं, 'सदर पत्र आपली पोच आम्हांस प्राप्त झाल्यावरच बंधनकारक समजण्यात यावे.'

तीन महिने वाट बघून स्वतः गेले. टेबलावर एक पोरसवदा मुलगी होती. तिने मेल शोधली, वाचली, आबांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कायद्याचं कलम १२, पोटकलम २ फोनवर काढून त्यांच्यापुढे धरलं. पोच मिळाल्यावरच पत्र बंधनकारक होईल अशी अट पाठवणाऱ्याने स्वतः घातली असेल आणि पोच मिळाली नसेल, तर ते पत्र त्याने कधी पाठवलंच नाही असं मानायचं.

"म्हणजे आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही हे पाठवलंच नाहीये."

आबा परत येऊन माझ्या दुकानात बसले. चहा घेतला नाही. मला वाटलं, रक्तदाब. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपणच लिवलंय आणि आपणच मारलंय." आणखी थोड्या वेळाने, "चेडू हुशार आसा. आवक-जावकाक बसवक व्हया." वहीत त्यांनी दोनशे एकेचाळीसच्या पुढे लाल शाईने लिहिलं, 'पाठविले नाही असे समजण्यात आले.' फळी वाडीतल्या पोरांनी एका रविवारी बसवली.

त्यानंतर आंगणेवाडीची जत्रा आली. भराडी देवीच्या जत्रेला पंचांगातली तिथी नाही, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. गावकरी शिकारीला जातात, देवीचा कौल घेतात, आणि कौल मिळाला की तारीख. तोवर मुंबईतले लाखभर मालवणी रजेचा अर्ज खिशात घेऊन फिरत असतात. तारीख फुटली त्या संध्याकाळी आबा माझ्याकडे बसले होते, दर दोन मिनिटांनी कोणाचा ना कोणाचा फोन वाजत होता.

"बघ," आबा म्हणाले. "देवी उजवो कौल देयत, डावो देयत. गप रवत नाय. गप रवणा हो काय कौल न्हय."

जत्रेच्या आधी वाडीत गाऱ्हाणं होतं. बोलणारा एकेक मागणं घालतो आणि भोवतालचे सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. रोगराई टळो, व्हय म्हाराजा. मुंबैकार पोरां सुखी रवांदेत, व्हय म्हाराजा. आबांनी मला कोपराने ढोसलं. त्यांचे डोळे चमकत होते. "ओळीक पोच! ओळीओळीक!" दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते दुकानाच्या दारात होते. तिसरं हेडर हवं होतं. नाव व्हय-म्हाराजा, रोमनमध्ये, मध्ये आडवी रेघ.

"समोर काय लिवचा?"

"कोरा ठेव. तो समोरच्यान भरूचा."

तो कोणी भरू शकत नाही, ती जागा समोरच्याला दिसतही नाही, हे मी सांगितलं नाही.

परवा त्यांचं कपाट आवरायला गेलो होतो. वाळवी लागली म्हणून वह्या पडवीत काढायच्या होत्या. तळाला सुतळीने बांधलेला एक गठ्ठा निघाला. मला वाटलं एडीची कार्डं. मनीऑर्डरच्या पोचा होत्या, फॉर्मचा तो तुकडा, पैसे दिल्यावर पोस्टमन सही घेऊन परत धाडायचा तो. आबा मुंबईला लागल्यापासून दर महिन्याची एक. रक्कम पंचवीस, मग चाळीस, मग साठ. सहीच्या जागी प्रत्येक तुकड्यावर जांभळ्या शाईचा अंगठा, बाजूला साक्षीदाराची सही.

"आवशीचो," आबा म्हणाले. "तिका लिवक येय नाय." गठ्ठा माझ्या हातून घेऊन त्यांनी गाठ नीट केली. "महिन्याच्या बारा तारखेपर्यंत इलो नाय तर जेवक सुचा नाय. इलो काय समजायचा, म्हातारी आसा."

मग वाळवीच्या औषधाचा डबा कुठे ठेवलाय त्यावरून आमचं भांडण झालं.

टेबलावरची वही पुसताना चालू पान दिसलं. आवक बाजूला झिलाच्या नावापुढे आठवड्याभराच्या नोंदी होत्या. मेल नव्हती, पत्र नव्हतं. प्रत्येक तारखेसमोर आबांच्या वळणदार अक्षरात एवढंच: 'अंगठो, १. मिळाला.'

तेव्हा वाचकहो, एक विनंती. मसुऱ्याहून जावक क्रमांक घातलेली मेल तुमच्यापैकी कोणाला आली आणि 'वाचल्याची पोच देऊ का' अशी चौकट समोर उभी राहिली, तर होय दाबा. रात्री साडेनऊच्या आत दाबा. त्यानंतर आबा कॉम्प्युटरवर कपडा घालतात.